चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडल्यास : रक्ताशी निगडित कारणे आणि कुटुंबाने घ्यावयाची दक्षता

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून ओघळते. आरशात पाहावे तर एक डोळा पुरता मिटत नाही, हसू एकाच बाजूला ओढले जाते आणि दुसरा गाल सैल पडलेला दिसतो. आदल्या रात्री झोपताना मात्र यातील काहीच नव्हते. अशा वेळी आपल्याकडे ‘तोंडावरून वारे गेले’ असे म्हणण्याची रीत आहे. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कानांवर ‘पार्श्ववायू’ हा कन्नड शब्दही पडत असतो. दोन्ही भाषांनी दोष वाऱ्याला दिला आहे. प्रत्यक्षात हा बिघाड चेहऱ्याच्या नसेत किंवा मेंदूत झालेला असतो आणि त्यामागे कधी कधी रक्ताशी संबंधित कारण दडलेले असते.

चेहरा अचानक वाकडा होण्याची बहुतेक प्रकरणे पुढे बरी होतात. काहींमध्ये मात्र पहिले काही तास निर्णायक ठरतात, तर काहींमध्ये रक्ताची एक साधी तपासणी गंभीर आजार वेळेवर उघड करते. हा फरक घरातील माणसांना ओळखता यावा आणि डॉक्टरांकडे योग्य माहिती घेऊन जाता यावे, यासाठी ही पत्रिका आहे.

चेहरा कोणाच्या आज्ञेने हलतो?

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याची. उजव्या बाजूची नस उजवा चेहरा हलवते, डाव्या बाजूची डावा. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, गाल फुगवणे, हसणे ही कामे तिचीच. जिभेच्या पुढील दोन तृतीयांश भागाची चव, डोळ्यांतील पाणी आणि काही प्रमाणात लाळ यांच्याशीही तिचा संबंध आहे. म्हणूनच ही नस दुखावली की चव बदलते, डोळा कोरडा पडतो आणि कधी त्या बाजूच्या कानाला आवाज मोठे वाटू लागतात.

ही नस कानशिलाच्या हाडातील सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. बोगदा हाडाचा असल्यामुळे तो रुंदावत नाही. आत नसेला सूज आली, रक्तस्राव झाला किंवा विकृत पेशी साचल्या की नस आवळली जाते आणि चेहरा लुळा पडतो.

स्पष्ट कारण न सापडता एका बाजूच्या नसेला सूज येते, तेव्हा त्या आजाराला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. एडिंबरो येथे १७७४ साली जन्मलेले शरीरशास्त्रज्ञ सर चार्ल्स बेल यांच्या नावावरून हे नाव पडले. दरवर्षी एक लाख लोकांमागे साधारण १५ ते ३० जणांना हा आजार होतो. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. मात्र ‘बेल्स पाल्सी’ हे निदान इतर कारणे वगळल्यानंतरच करावयाचे असते. घरच्या घरी ते ठरवून मोकळे होणे धोक्याचे आहे.

पहिला प्रश्न : हा पक्षाघात तर नाही?

पक्षाघात म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होणे. धमनीत रक्ताची गुठळी अडकल्यामुळे किंवा धमनी फुटून रक्तस्राव झाल्यामुळे तो होतो. चेहऱ्याबरोबर पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल, तरी तो पक्षाघात समजूनच हालचाल करावी.

• एक हात किंवा पाय जड होणे, बधिर होणे. दोन्ही हात समोर धरल्यास एक खाली येणे.
• बोलणे अडखळणे, शब्द न सुचणे किंवा समोरच्याचे बोलणे न समजणे.
• अचानक तोल जाणे, दोन-दोन दिसणे, एका डोळ्याने न दिसणे.
• पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा शुद्ध हरपणे.

कपाळाकडे पाहून काही अंदाज बांधता येतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळतात. त्यामुळे पक्षाघातात बहुधा तोंडाचा कोपरा खाली ओघळतो, पण कपाळाला आठ्या पडतात. नसेच्या आजारात कपाळासह संपूर्ण अर्धा चेहरा निश्चल होतो. परंतु मेंदूच्या खोडातील पक्षाघातात कपाळही लुळे पडू शकते. म्हणून ही खूण डॉक्टरांना सांगावी, स्वतः निर्णय घेण्यासाठी वापरू नये.

वेळेचे मोल येथे अक्षरशः मिनिटांत मोजावे लागते. मेंदूची मोठी धमनी बंद पडलेली असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी ओढून काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो, पण जितका लवकर तितका त्याचा लाभ अधिक. रुग्ण शेवटचा पूर्ण बरा कधी दिसला, ती वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहून ठेवावी. डॉक्टर सर्वप्रथम हेच विचारतात.

रक्ताशी निगडित कारणे कोणती?

१. गुठळी तयार होण्याची प्रवृत्ती. हृदयाचे ठोके अनियमित असल्यास किंवा झडपेचा जुना आजार असल्यास हृदयात गुठळी बनून ती मेंदूकडे जाऊ शकते. काही व्यक्तींच्या रक्तातच गोठण्याची प्रवृत्ती जास्त असते. वारंवार गर्भपात, पायाच्या शिरेत गुठळी किंवा कमी वयात पक्षाघात असा कुटुंबाचा वा स्वतःचा इतिहास त्याकडे बोट दाखवतो. तांबड्या पेशी फार वाढून रक्त दाट झाल्यासही हा धोका वाढतो. हिमोग्लोबिन पुरुषांत १६.५ आणि स्त्रियांत १६ पेक्षा जास्त आढळल्यास ‘रक्त भरपूर आहे’ असे म्हणून समाधान मानू नये, कारण शोधावे.

२. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांतील गुठळी. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्त लवकर गोठते. तीव्र रक्तक्षय आणि शरीरात पाणी कमी पडणे यांमुळे त्यात भर पडते. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, ही अनेक घरांत अजून पाळली जाणारी रूढी या दृष्टीने घातक आहे. बेंगळुरू येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेतील डॉक्टरांनी या आजाराचा आणि त्यावरील उपचारांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. बाळंतिणीला दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या, झटके, अंधुक दिसणे किंवा चेहऱ्याची वा हातापायांची दुर्बलता जाणवल्यास तो ‘बाधा’ किंवा ‘थकवा’ समजू नये. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक स्त्रिया चांगल्या बऱ्या होतात.

३. रक्तस्राव. रक्तदाब अतिशय वाढल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित चेहऱ्याच्या नसेच्या हाडी बोगद्यातही होतो. प्लेटलेट फार कमी झालेल्या, हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा विकार असलेल्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तींना हा धोका अधिक. एका दुर्मीळ आजारात प्लेटलेट खर्च होऊन सूक्ष्म गुठळ्या सर्वत्र तयार होतात. त्यात चेहऱ्याची दुर्बलता किंवा बोलण्यातील अडथळा येतो आणि जातो. आलेले लक्षण आपोआप गेले, म्हणून धोका टळला असे मानू नये.

४. रक्ताचा कर्करोग. ल्युकेमिया किंवा लिम्फोमा या आजारांत विकृत पांढऱ्या पेशी चेहऱ्याच्या नसेत किंवा तिच्या भोवती साचू शकतात. असे क्वचितच घडते, पण काही रुग्णांत चेहरा वाकडा होणे हेच आजाराचे पहिले लक्षण ठरते. बरेच दिवसांचा ताप, रात्री घाम, वजन घटणे, फिकटपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर आपोआप उठणारे निळे डाग, मानेत वा काखेत गाठी यांपैकी काही असल्यास ते डॉक्टरांना न विचारताही सांगावे. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी लुळ्या पडणे ही साध्या बेल्स पाल्सीची रीत नव्हे. तेव्हा सखोल तपासणी आवश्यकच असते.

५. सिकलसेल आजार. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा अडू शकतो. विदर्भ आणि नंदुरबार परिसरातील अनेक कुटुंबांत हा आजार आढळतो. शिक्षण वा नोकरीसाठी तेथून बेंगळुरूत आलेल्यांनी आपले सिकलसेल तपासणीचे कार्ड जवळ बाळगावे. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे.

६. रक्तातील साखर आणि संसर्ग. दीर्घकाळ वाढलेली साखर नसेला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या खराब करते. उलट साखर फार उतरल्यास हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात. एचआयव्हीच्या संसर्गातही, कधी अगदी सुरुवातीच्या काळात, चेहऱ्याची नस लुळी पडते. शासकीय केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते आणि तिची माहिती गोपनीय ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

रक्ताच्या तपासण्या : कोणत्या आणि कशासाठी?

चेहरा लुळा पडलेल्या प्रत्येक रुग्णाला तपासण्यांची लांबलचक यादी लागते असे नाही. लक्षणे नेमकी बेल्स पाल्सीची असतील, तर डॉक्टर केवळ तपासून निदान करू शकतात. तपासणी कोणती हे रुग्णाच्या लक्षणांवरून ठरते. कागदावर दिसणाऱ्या नावांचा अर्थ कुटुंबाला कळावा, म्हणून पुढील माहिती दिली आहे.

• रक्तदाब : १८०/१२० किंवा त्याहून अधिक दाब आणि सोबत चेहऱ्याची दुर्बलता ही तातडीची स्थिती होय.
• रक्तातील साखर : ७० च्या खाली साखर असल्यास ती लगेच सुधारावी लागते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के किंवा अधिक आढळल्यास मधुमेहाचे निदान पक्के करण्यासाठी डॉक्टर तपासणी पुन्हा करवून घेतात.
• संपूर्ण रक्तगणना, म्हणजेच सीबीसी : डेंग्यूच्या दिवसांत ‘प्लेटलेट’ हा शब्द बेंगळुरूतील घरोघरी पोहोचलेला आहे. प्रौढांत प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख आणि पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या किंवा कमी झालेल्या दिसू शकतात. म्हणून केवळ आकड्यावर न थांबता काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे रूप पाहतात.
• रक्त गोठण्याची तपासणी : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी आणि गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देण्याचा विचार असताना महत्त्वाची. प्लेटलेट एक लाखाच्या खाली असल्यास हे इंजेक्शन सामान्यतः टाळले जाते.

स्टेरॉइड गोळ्यांविषयी एक महत्त्वाची सूचना

बेल्स पाल्सीवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध उपयुक्त आहे, हे सिद्ध झालेले आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील अभ्यासात ७२ तासांच्या आत हे औषध मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ९४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. म्हणजे औषध लवकर घेणे हिताचे आहे.

परंतु हेच औषध मधुमेही व्यक्तीची साखर झपाट्याने वाढवते. शिवाय काही प्रकारच्या ल्युकेमिया व लिम्फोमातील पेशी स्टेरॉइडमुळे काही काळ कमी होतात. आजार बरा झाल्यासारखा भासतो, तपासणीत नीट दिसत नाही आणि निदान लांबते. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइड घेऊ नये. मधुमेह किंवा वर सांगितलेली रक्तविकाराची लक्षणे असल्यास गोळी सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावीत. सीबीसीचा अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो, त्यामुळे ७२ तासांची मुदत सांभाळूनही ही खबरदारी घेता येते.

बेंगळुरूतील कुटुंबांनी काय करावे?

पक्षाघाताची शंका असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि अहोरात्र सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. वस्तीजवळचे ‘नम्म क्लिनिक’ साध्या आजारांसाठी आणि रक्तदाब वा साखर तपासण्यासाठी उपयुक्त आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला मात्र तेथे थांबवून वेळ दवडू नये. सिल्क बोर्ड किंवा हेब्बाळ येथील वाहतुकीत किती वेळ जातो, हे या शहरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्या घरापासून लवकर पोहोचता येईल असे, सीटी स्कॅन असलेले रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून नाव स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावे. होसूर रस्त्यावरील निम्हान्स मेंदू व नसांच्या आजारांसाठी, तर किदवई संस्था कर्करोगासाठी ओळखली जाते. तथापि, तातडीच्या वेळी प्रसिद्ध संस्थेपेक्षा जवळची सुसज्ज संस्था महत्त्वाची.

गावाहून आलेल्या वडीलधाऱ्यांना कन्नड किंवा इंग्रजी येत नसल्यास सोबत बोलू शकणारी व्यक्ती असावी. चालू औषधांच्या गोळ्यांची पाकिटेच बरोबर न्यावीत. त्यांत रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ते पहिल्याच वाक्यात सांगावे. उपचाराची दिशा त्यावरून बदलू शकते.

हे करू नये

• पक्षाघाताच्या शंकेत घरी ॲस्पिरिन देऊ नये. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.
• गिळता येते याची खात्री नसताना पाणी, दूध, काढा किंवा गोळी तोंडात घालू नये. ती श्वासनलिकेत जाऊ शकते.
• कबुतराचे रक्त चोळणे, डाग देणे, नाकात तेल सोडून वाट पाहणे यांत वेळ घालवू नये. यांपैकी कशानेही गुठळी विरघळत नाही किंवा रक्तस्राव थांबत नाही.
• ‘रात्र झाली, सकाळी पाहू’ असे म्हणू नये.

डोळ्याची निगा

नसेच्या आजारात डोळा मिटत नसल्यामुळे बुबुळ कोरडे पडून जखम होऊ शकते. चेहरा पुढे सुधारला तरी ही जखम दृष्टी कायमची अधू करू शकते. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब दिवसा वारंवार घालावेत, रात्री मलम लावून पापणी हलकेच चिकटपट्टीने बंद करावी, बाहेर पडताना चष्मा लावावा. डोळा लाल होऊन दुखू लागल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कानात किंवा कानाभोवती पुरळ, फोड आणि तीव्र वेदना असल्यास नागिणीच्या विषाणूची शक्यता असते. त्यासाठी वेगळे औषध लागते.

पुन्हा केव्हा दाखवावे?

बेल्स पाल्सीत दुर्बलता तीन दिवसांच्या आत पूर्ण वाढते आणि बहुतेकांना तीन आठवड्यांच्या आसपास सुधारणा दिसू लागते. दुर्बलता आठवडेभर हळूहळू वाढतच राहिली, तीन महिन्यांनंतरही चेहरा पूर्ववत झाला नाही, तोच त्रास पुन्हा उद्भवला किंवा दुसरी बाजूही लुळी पडली, तर ‘वेळ लागतोच’ असे समजून स्वस्थ बसू नये. कारणाचा शोध नव्याने घ्यावा लागतो.

उजळणी : आपण काय कराल?

पहिला प्रसंग. जेवताना आजोबांच्या तोंडाचा कोपरा ओघळला, शब्द अडखळले. दहा मिनिटांत सर्व पूर्ववत झाले. उत्तर : हा धोक्याचा इशारा आहे. त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे.

दुसरा प्रसंग. तिशीतील तरुणाचा अर्धा चेहरा कपाळासह लुळा पडला; हातपाय व बोलणे ठीक. महिनाभर ताप येतो आणि हिरड्यांतून रक्त येते. उत्तर : त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ताप व रक्तस्रावाची माहिती द्यावी, स्टेरॉइडपूर्वी सीबीसी व पेशींची तपासणी करून घ्यावी.

तिसरा प्रसंग. बाळंतपणाला बारा दिवस झाले. चार दिवसांपासून डोके दुखते, आज उलटी झाली आणि चेहरा ओढल्यासारखा दिसतो. उत्तर : १०८ ला दूरध्वनी करावा आणि बाळंतपणाची तारीख सांगावी.

चेहरा हा माणसाची ओळख असतो. तो वाकडा झाला की रुग्ण संकोचतो, आरसा टाळतो, लोकांसमोर यायला कचरतो. कुटुंबीयांनी चेष्टा किंवा दोषारोप न करता धीर द्यावा आणि ‘बहुतेक जण यातून बरे होतात’ हे त्याला आवर्जून सांगावे. मात्र धीर देण्याआधी वेळ लिहून ठेवावी, लक्षणे पडताळावीत आणि रुग्णालयाची वाट धरावी.